गावात माणसं किती? कोकणातल्या गावाचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करताना

गावच्या आराखड्याच्या बैठकीला बसलो की मी सगळ्यात आधी एकच विचारतो, "आपल्या गावात माणसं किती?" सरपंच एक आकडा सांगतात, ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) दुसरा, आशाताई तिसरा. पोलीस पाटलांनी दहा-बारा गणेशोत्सव सांभाळलेले असतात, ते चौथाच आकडा देतात. चौघंही खरंच सांगत असतात. एकाचा आकडा जनगणनेतला, एकाचा मतदार यादीतला, एकीचा घरोघरी फिरून मोजलेला, आणि एकाचा भाद्रपदातला.

कोकणात गावाचं नियोजन इथेच अडतं. आमच्या शेजारच्या एका गावात पाण्याची टाकी कागदावरच्या लोकसंख्येला धरून बांधली. पावसाळ्यात ती भरून वाहायची, आणि मे महिन्यात तिच्यात उतरून झाडू मारता यायचा. पैसे खर्च झाले होते आणि कामही चांगलं झालं होतं. फक्त ती कोणासाठी आणि कुठल्या महिन्यासाठी बांधायची, हे कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही नुकतेच सदस्य म्हणून निवडून आला असाल, मुंबई सोडून गावी राहायला आला असाल, किंवा ग्रामसभेत नुसतं बसून कंटाळला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एक जाड वही, एक कॅल्क्युलेटर आणि वाडीवाडीत फिरायची तयारी पुरे.

आधी जिल्ह्याकडे बघा

गावाचा आकडा एकटा काही बोलत नाही, म्हणून आधी मोठं चित्र डोळ्यांसमोर ठेवा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत जवळपास ८२ हजार माणसं कमी. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता) ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेला. आपली माणसं कुठे गेली याचं निम्मं उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली, बदलापूर या स्टेशनांवर आपल्याच गावची माणसं भेटतात.

रायगड त्या दशकात सुमारे १९ टक्क्यांनी वाढला. पण पनवेलच्या वाढीवरून पोलादपूरचा किंवा म्हसळ्याचा अंदाज बांधू नका. जिल्ह्याची सरासरी हाताशी ठेवा, निर्णय मात्र तालुका आणि गाव बघूनच घ्या.

आणखी एक आकडा मला फार बोलका वाटतो. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. बाई गावी आणि बाप्या मुंबईला, ही आपली जुनी रीत त्यात दिसते. पण २००१ मध्ये हाच आकडा १,१३६ होता, आणि सिंधुदुर्गात तो १,०७९ वरून १,०३६ वर उतरला. माझ्या मते याचा अर्थ असा की आता बाप्या एकटा जात नाही. पूर्वी तो मुंबईत गावकीच्या (गावकऱ्यांच्या सामाईक) खोलीत वळकटी टाकून राहायचा आणि घरी मनीऑर्डर यायची. आता सगळं बिऱ्हाडच हलतं, आणि मूल तिकडच्याच शाळेत जातं. मनीऑर्डरीवर चालणारं गाव आणि बंद दारांचं गाव, या दोघांच्या गरजा सारख्या नसतात. आपलं गाव यांपैकी कुठे आहे, हे आधी ओळखा.

हे आकडे जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांत आणि जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात. शेती, बँका, रस्ते, शाळा यांचे तालुकानिहाय आकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या प्रकाशनात असतात. जिल्हा नियोजन समितीत बोलायची वेळ आली तर हे पुस्तक हातात असावं.

मग स्वतः मोजा

२०२१ ची जनगणना झाली नाही. नवीन जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे, आणि तिचे गावनिहाय तक्ते त्यानंतर यायचे. तोवर २०११ चे आकडे धरून चाललो तर दुसरीत असलेल्या ज्या पोराला आपण मोजतो, तो आज कुठेतरी नोकरीला लागलेला असेल. म्हणून गावाची मोजणी गावानेच करायची.

ग्रामपंचायतीतला नमुना ८ घ्या. ही घरपट्टीची नोंदवही, त्यात प्रत्येक घर आहे. तिची नक्कल घेऊन वाडीवार फिरा आणि प्रत्येक घरापुढे तीनपैकी एक खूण करा: बारमाही उघडं, सणासुदीला उघडं, कायमचं बंद. चौथी खूण मी नंतर वाढवली, ती म्हणजे पडकं. बंद घर पुन्हा उघडू शकतं. कौलं खाली आलेलं आणि आत रान माजलेलं घर बहुधा उघडत नाही, आणि त्याचा सातबारा बारा-पंधरा हिस्सेदारांच्या सामाईकात असेल तर आशा आणखी कमी.

उघड्या घरांत माणसं किती आणि कोणत्या वयाची, हे लिहून घ्या. अचूक जन्मतारीख नको, पाच गट पुरतात: सहा वर्षांपर्यंत, सात ते सतरा, अठरा ते एकोणचाळीस, चाळीस ते एकोणसाठ, आणि साठच्या पुढे. अंगणवाडीताईंकडे पहिला गट तयार असतो, शाळेच्या पटावर दुसरा. म्हातारी माणसं आशाताईंना नावानिशी माहीत असतात. त्यांना आधी विचारा आणि त्यांच्या कामाचा मान ठेवा, गावाचं खरं दप्तर त्यांच्याच डोक्यात असतं.

या मोजणीत एक मोठी गाळणूक होते. आंब्याच्या बागेत मांगरात (बागेतल्या खोपटात) राहणारे नेपाळी राखणदार, होड्यांवरचे खलाशी, चिरेखाणीवरची आणि बांधकामावरची कुटुंबं आपण मोजतच नाही. मतदार यादीत ती नसतात, आणि रेशनकार्ड असलं तर दुसरीकडचं असतं. पण पाणी ती इथलंच पितात, त्यांची लेकरं इथल्याच अंगणवाडीच्या दारात उभी असतात. कित्येक गावांत तरण्या वयाचा गट त्यांच्यामुळेच थोडा जाड दिसतो. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा, आणि ते पान सोडू नका.

एक वर्ष, चार गावं

कोकणातलं गाव वर्षभर एका आकाराचं नसतं. म्हणून वहीत बारा महिन्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक महिन्यात गावात साधारण किती माणसं असतात ते लिहा. शिमग्याला पालखी नाचवायला पोरं येतात, मे महिन्यात सुट्टीला बिऱ्हाडं येतात, गणपतीला तर सगळंच गाव येतं. किनाऱ्यालगत असाल तर नाताळात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना पर्यटक.

नवख्यांची चूक इथे होते. गणपतीची गर्दी सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्या सोयी तिच्याच मापाने करायला ते निघतात. पण गणपतीत विहिरी काठोकाठ असतात आणि वहाळ (ओढे) वाहत असतात. त्या गर्दीचा ताण येतो तो कचऱ्यावर, ट्रान्सफॉर्मरवर, अरुंद रस्त्यावर आणि आरोग्य केंद्रावर. मे महिन्यात माणसं त्यापेक्षा कमी असतात, पण पाणी तळाला गेलेलं असतं. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही एप्रिल-मेला टँकर का लागतो? जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि उतार ते समुद्राकडे पळवतो, म्हणून. तेव्हा पाण्याचं माप मे महिन्याचं धरा. कचऱ्याचं आणि विजेचं गणपतीचं. शाळा, अंगणवाडी, एसटीची वस्तीची गाडी यांचं माप बारमाही माणसांचं.

हिशोब करून दाखवतो. एक गाव कल्पनेतलं घेऊ. २००१ मध्ये लोकसंख्या १,२४०, २०११ मध्ये १,११८. आज नमुना ८ वर ३१० घरं, त्यांतली बारमाही उघडी २१४, आणि त्यांत माणसं ७४२. जलजीवन मिशनचं माप दर माणशी रोज ५५ लिटर. ७४२ माणसांना रोज सुमारे ४१ हजार लिटर लागेल. मे महिन्यात गावात १,४०० माणसं असतील तर ७७ हजार, आणि तेही झरा आटलेला असताना. पाच-सहा घरांनी निवास-न्याहारीच्या खोल्या काढल्या असतील तर प्रत्येक खाटेमागे याहून जास्त धरा, कारण पर्यटकाच्या पाठोपाठ चादरी धुवायचं पाणीही येतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ग्रामसभेत ठेवा. पुष्कळ वेळा उत्तर मोठी टाकी हे नसतं. वहाळावर डिसेंबरात घातलेले वनराई बंधारे (मातीच्या पोत्यांचे तात्पुरते बांध), गाळ काढलेली जुनी विहीर, आणि गळती थांबवलेली पाइपलाइन यांनी जास्त साधतं.

जन्म, मृत्यू आणि दहा वर्षांनंतरचं गाव

ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही असते. गेल्या पाच वर्षांचे जन्म आणि मृत्यू काढा. एक खबरदारी घ्या: हल्ली बाळंतपणं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात होतात आणि नोंद तिथेच होते, त्यामुळे जन्माचा आकडा अंगणवाडीच्या यादीशी ताडून पाहा.

आपल्या कल्पित गावात वर्षाला सरासरी ५ जन्म आणि १४ मृत्यू आहेत असं धरू. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, तरी दहा वर्षांत ९० माणसं कमी होऊन ७४२ चे ६५२ होतात. हे ऐकून सभेत गलका होतो, "गावात पाळणे हलले पाहिजेत" असं कोणी म्हणतं. शांतपणे समजावून सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे राज्यभरच एका बाईमागे सरासरी दोनाहून कमी मुलं होतात. आपल्याकडे त्यावर आणखी एक गोष्ट आहे: मुलं होण्याच्या वयाची जोडपीच गावात नाहीत.

आता स्थलांतर धरू. आज आठ ते सतरा वयाची साधारण ७० मुलं आहेत, दहा वर्षांत ती सगळी अठरा ओलांडतील. गेल्या दहा वर्षांतला अनुभव असा की दहापैकी सहा-सात गाव सोडतात. ४५ गेली तर उरले ६०७. निवृत्त होऊन १२ जोडपी परतली तर २४ जण वाढून ६३१. हा झाला मधला अंदाज. बरा अंदाज असा की फक्त २५ गेली आणि ४० जण परतले, म्हणजे ६६७. वाईट अंदाजात ६० गेली आणि १० परतले, तर ६०२.

हे तीन आकडे कागदावर बघताना मलाही पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. एवढी उलटसुलट गृहीतकं धरूनही गाव ६०० आणि ६७० यांच्या मधेच राहतं. आज ७४२ पैकी साठीपुढची २३१ असतील, तर दहा वर्षांनी मधल्या अंदाजात दहापैकी साधारण चार माणसं साठीपुढची होतात. पोरं थोडी जास्त राहिली म्हणून यात फारसा फरक पडत नाही, कारण उद्याची म्हातारी माणसं आज पन्नाशीत आहेत आणि ती आपल्या वहीत आधीच आहेत. याचा अंदाज बांधायचा नाही, तयारी करायची: पाखाडीला (पायऱ्यांच्या वाटेला) कठडा, घरी जाऊन रक्तदाब तपासणारी सोय, औषधं आणून देणारं कोणीतरी, एकट्या राहणाऱ्या आजीच्या दाराशी रोज एक हाक. सरकारी आराखड्यात या कामांना चटकन शीर्षक सापडत नाही. तरीही माझं मत आहे की सभामंडपाच्या तिसऱ्या दुरुस्तीआधी ती घ्यावीत.

पैसा कुठून येतो

आता दुसरी बाजू. आपल्या गावात रुपया कुठून शिरतो, हे लिहा. पेन्शन, मुंबईहून येणारे पैसे, आंबा, काजू बी, मासळी, खोल्यांचं भाडं, चिरेखाण, गवंडीकाम, नोकरी. प्रत्येकापुढे किती घरं आणि वर्षातले किती महिने. नेमकी रक्कम कोणी सांगत नाही आणि विचारूही नये. घरं आणि महिने पुरतात.

जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणाऱ्याला मुख्य काम करणारा आणि त्याहून कमी करणाऱ्याला सीमांत काम करणारा म्हणतात. आपल्याकडे दुसऱ्या गटात खूप माणसं सापडतात. ती आळशी नसतात. लावणी, कापणी, काजू वेचणं, आंबा उतरणं, सगळंच हंगामी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. एका माणसाचे चार तुकड्यांचे धंदे मिळून एक वर्ष उभं राहतं. त्यामुळे कोणतंही नवीन काम आणताना ते वर्षातल्या कोणत्या रिकाम्या महिन्यात बसतं, हे आधी पाहा.

एक गैरसमज मला मनापासून दूर करायचा आहे. उत्पन्न वाढलं की माणसं थांबतील, असं आपण धरून चालतो. १९९० नंतर रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीवर आणि कातळावर आंब्या-काजूची कलमं उभी राहिली. बागायत वाढली, आणि तरीही २००१ ते २०११ मध्ये माणसं घटली. बागेला हंगामापुरती माणसं लागतात आणि ती बाहेरून येतात. भातशेती वर्षभर घर बांधून ठेवायची, तीच पड गेली. पड वाढली तसं रान घराजवळ आलं, आणि रानडुक्कर-वानरांच्या त्रासाने उरलेल्यांनीही लावणी सोडली. म्हणून उत्पन्न किती, याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: या कामामुळे बारमाही किती घरं उघडी राहतात? आंबा पेटीत भरून वाशीला पाठवला तर एक उत्तर येतं. त्याचा पल्प, कोकमाची सोलं, काजूगर गावातच केले तर बायकांना पावसाळ्यातही काम मिळतं, आणि उत्तर बदलतं. हापूसला २०१८ मध्ये आणि वेंगुर्ला काजूला त्याआधी भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण काजू बीचा दर आफ्रिकेतून येणाऱ्या बीवर हलतो, तेव्हा नुसत्या बीवर गावाचं भवितव्य टांगू नका.

मोठ्या प्रकल्पांबद्दल मतं टोकाची असतात आणि मी इथे कोणाची बाजू मांडत नाही. नियोजनापुरती एकच सूचना: न आलेल्या प्रकल्पाच्या नोकऱ्या मुख्य हिशोबात धरू नका. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं आणि काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीखाली पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून गाळे बांधले, त्यांचं काय झालं असेल ते समजून घ्या. अशा प्रकल्पासाठी चौथा अंदाज वेगळ्या पानावर करा.

किनाऱ्यावरच्या गावांनी आणखी एक गोष्ट पाहायची. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास पट्टा, त्याहून विरळ असेल तर २०० मीटर. म्हणजे लोकसंख्येचा जुना आकडा आज तुमच्या वाडीत खोली बांधता येईल की नाही हे ठरवतो. पर्यटनाचं स्वप्न रंगवण्याआधी आपलं गाव कोणत्या गटात पडतं ते तपासा. आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि त्याच दिवशीची तळियेची दरड आठवून, नवीन घरांसाठी कोणती जागा सोडून द्यायची तेही नकाशावर रंगवा.

ग्रामसभेत मांडताना

ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. पण मुंबईकर तेव्हा गणपती करून परतलेले असतात. माझा अनुभव असा की खरी चर्चा १ मे च्या ग्रामसभेच्या आसपास करावी, तेव्हा चाकरमानी गावी असतात. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचे कार्यकर्ते, बारमाही राहणारी माणसं आणि बचत गटाच्या ताया एका खळ्यात (अंगणात) बसल्या की वहीतले आकडे भराभर दुरुस्त होतात. "ते घर बंद नाही हो, काका डिसेंबरात रिटायर होतायत, येणार आहेत" अशी एकेक ओळ तिथेच मिळते. मात्र निर्णयात वजन वर्षभर राहणाऱ्यांचं ठेवा. देवळाच्या कमानीला देणगी लवकर जमते. पाखाडीच्या कठड्यासाठी, आणि रत्नागिरीहून किंवा कुडाळहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरासाठी ती मागावी लागते. वहीतला साठीपुढचा रकाना दाखवून मागा, मिळते.

निधीची चौकट आधी समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. चालू वर्षाची वाटणी काय आहे ते पंचायत समितीत विचारून घ्या, आणि मग मे महिन्याचं पाणी, गणपतीचा कचरा ही कामं बंधित हिश्श्यात टाका. मोकळा हिस्सा म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या कामांना राखा. शाळेचा पट घटत असेल तर शेजारच्या दोन गावांशी आत्ताच बोला. वीसच्या खाली पट गेल्यावर बोलायला गेलात तर वाटाघाटीला हातात काही उरत नाही. आधी गेलात तर मुलांची गाडी, शिक्षक आणि रिकाम्या होणाऱ्या खोल्यांचा वापर या तिन्हींवर अटी घालता येतात.

वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात ठेवू नका. एक प्रत वाचनालयात, एक शाळेत ठेवा. दर मे महिन्यात प्रत्येक वाडीतला तोच माणूस त्याच घरांपुढून फिरून खुणा बदलेल असं ठरवा, साधारण दोन संध्याकाळचं काम आहे. २०२७ च्या फेब्रुवारीत प्रगणक दारात येतील तेव्हा मांगरातली, होडीवरची आणि खाणीवरची माणसं कुठे सापडतील, हे तुमच्याच वहीतून त्यांना दाखवता येईल.